ट्रम्पेटवाल्याचे चार दात

मी एक जुनी पकड आहे. खिळे उपटायची नव्हे, मित्रांनो, दात उपटायची. लगेच तोंड मिटून घेऊ नका. मी तुमच्यापासून फार लांब, ग्वाटेमालाच्या डोंगरात, पाखुयू नावाच्या गावात एका पत्र्याच्या डब्यात पडलेली असते.

माझ्या जातीत प्रत्येक दातासाठी वेगळी पकड घडवतात. दाढांसाठी वाकडी आणि जाड, खालच्या दातांसाठी पक्ष्याच्या चोचीसारखी. मी सरळ आणि सडपातळ आहे, वरच्या पुढच्या दातांसाठी. ज्या कारागिराने माझं तोंड घासलं, त्याने शेवटी मला स्वतःच्याच दाताला लावून पाहिलं आणि मान हलवली. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका दंतवैद्याकडे मी बरीच वर्षं होते. तो म्हातारा झाला, तेव्हा त्याने आपली सगळी हत्यारं चर्चला दिली आणि चर्चने ती आपल्या मिशनरी नर्सला दिली. तिचं नाव वेल्मा. तिशीत ती पाखुयूला आली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. लोक तिला वेल्माबाई म्हणत.

बाईंच्या हातात असताना मला कधी स्वतःची लाज वाटली नाही. त्या मला वीस मिनिटं उकळत. सुई दिल्यावर हिरडीला दोनदा टोचून विचारत, "कळतंय का? खरं सांगा, शूरपणा नको." वाचण्यासारखा दात त्या कधीच काढत नसत. "देवाने दिलेला आहे, मी कोण काढणार?" असं म्हणून परत पाठवत. गावाची काक्चिकेल भाषा त्या इतकी छान बोलत की म्हाताऱ्या बायका त्यांना भाषेतल्या शिव्यासुद्धा शिकवत. तीस वर्षं त्या माणसांनी बाईंसमोर डोळे मिटून तोंड उघडलं.

दर जुलैमध्ये बाईंच्या चर्चची मंडळी त्यांना भेटायला येत. आठ दिवस राहत, भिंती रंगवत, मुलांबरोबर गाणी म्हणत, रडत आणि परत जात. बाई महिनाभर आधीपासून चादरी धूत. आपल्या माणसांची त्यांना भूक असे. पण भीतीही असे, कारण बाईंनी तिथे राहायचं की घरी परतायचं, हे हीच मंडळी ठरवत.

त्या वर्षी बारा जण आले. पुढारी होते पास्टर लोवेल, उंच आणि सदा हसरे. बरोबर एक दंतवैद्य होता आणि कोलिन नावाचा वीस वर्षांचा मुलगा होता. कोलिनला दंतवैद्य व्हायचं होतं. आजूबाजूच्या गावांत आधीच निरोप गेले होते. पहिल्याच दिवशी दीडशे माणसं अंगणात येऊन बसली आणि त्याच सकाळी दंतवैद्य पोट धरून झोपला तो आठ दिवस उठलाच नाही.

"लोकांना परत पाठवू या," बाई म्हणाल्या. "माझ्याच्याने रोज पंधरा-वीस होतील."

"वेल्मा, माणसं चार-चार तास चालत आली आहेत," लोवेल म्हणाले. "कोलिनला दाखव कसं करायचं ते. पोराचे हात चांगले आहेत."

"त्याने कधी दात काढलाय का?"

"बायबलातल्या त्या पोरसवदा दावीदाने तरी आधी कधी राक्षस मारला होता?"

सगळे हसले. बाईही थोड्या हसल्या. मित्रांनो, ते हसू मला आजही बोचतं.

मला कोलिनच्या हातात दिलं. त्याचा तळवा घामाने ओला होता. दुपारपर्यंत त्याची भीती गेली आणि तेच जास्त वाईट झालं. भिंतीवर एक फळा लावला होता. रोज किती दात निघाले ते त्यावर लिहीत आणि जेवणाआधी टाळ्या वाजवत.

तिसऱ्या दिवशी नासारिओ आला. तो गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. सव्वीस वर्षांत पाखुयूचा एकही मेलेला माणूस त्याच्या ट्रम्पेटशिवाय मातीत गेला नव्हता. त्याचा डावीकडचा सुळा ठणकत होता. त्या वेळी बाईंना पलीकडच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. सेवा म्हणजे काय, ते त्या सांगत होत्या.

नासारिओचं बोलणं उलगडून सांगायला पथकातली एक मुलगी होती. तिला शाळेत शिकलेली थोडी स्पॅनिश येत होती. नासारिओची स्पॅनिशही तोडकीमोडकीच. त्याने सुळ्याला बोट लावलं. "हा काढा." मग पुढच्या चार दातांवरून बोट फिरवत म्हणाला, "हे सांभाळा. यांच्यावर माझं वाजवणं आहे."

मुलीला फक्त चार दातांवरून फिरणारं बोट दिसलं. "हे सगळे म्हणतोय," ती म्हणाली.

"चारही?" कोलिनने विचारलं.

"चारही."

सुई दिलेली होती, ओठ बधिर होता. मी पहिला दात धरला आणि मला कळलं. किडलेला दात माझ्या तोंडात भुसभुशीत लागतो. हा खडकासारखा होता. नासारिओ डोळे विस्फारून घशातून आवाज काढू लागला. मुलीने प्रेमाने त्याचा हात धरला. दुसऱ्या एकाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. तो जितका धडपडला, तितकं त्यांनी त्याला मायेने घट्ट धरलं. मला घडवलं होतं ते याच दातांसाठी. मी नीट बसले, नीट वळले. एक, दोन, तीन, चार. कोलिनने चारही दात कागदात गुंडाळून नासारिओच्या हातात दिले. ठणकणारा सुळा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नासारिओ सुजलेलं तोंड घेऊन परत आला. बाईंनी त्याचा ओठ वर केला आणि त्यांचा हात थांबला. त्या बाहेर गेल्या. दार उघडंच होतं.

"पास्टर, त्याचे चांगले दात काढलेत. तो ट्रम्पेट वाजवतो!"

"कुठे वाजवतो?"

"मयतीला. संतांच्या मिरवणुकीत."

"मूर्तींपुढे ना? ते तर आपल्यात पाप. मग कदाचित देवानेच त्याला त्यातून सोडवलं असेल." लोवेल अजूनही हसतच होते. मग त्यांनी आवाज उतरवला. "हे बघ, कोलिन कोवळा आहे. त्याला देवाने कशासाठी बोलावलंय, हे शोधायला तो आलाय. त्याला हे कळलं तर तो मोडेल. आणि वेल्मा, परत गेल्यावर मला तुझ्याबद्दल काहीतरी सांगावं लागणार आहे. ते चांगलं असावं असं मला मनापासून वाटतं."

बाई आत आल्या. त्यांनी सुळा काढला, अगदी हळुवार. नासारिओने खुणेनेच विचारलं, हे चार का?

"ते चारही आतून किडले होते," बाई काक्चिकेलमध्ये म्हणाल्या. "काढावेच लागले."

त्या भाषेत बाई पहिल्यांदाच खोटं बोलल्या. नासारिओने मान डोलावली. बाई म्हणतात म्हणजे तसंच असणार. संध्याकाळी त्याने कोलिनला एक कोंबडी आणून दिली. कोलिन त्याच्या गळ्यात पडून रडला. दोघांचा फोटो काढला. फळ्यावर लिहिलं होतं, तीनशे अकरा.

मंडळी गेली. सप्टेंबरात नासारिओचा थोरला भाऊ वारला. कबरीपाशी त्याने ट्रम्पेट ओठांना लावलं. वारा आला, थुंकी आली, सूर आला नाही. त्याने पुन्हा पुन्हा लावलं. ओठ फाटून रक्त आलं, तेव्हा त्याची बायको तोमासा हिने ते हातातून काढून घेतलं आणि भाऊ मुकाट्याने मातीत गेला. त्यानंतर बँडमधली पोरं त्याला रस्त्यात गाठून म्हणायची, "नासारिओ, आता फुंकणी घे! चूल तरी पेटेल!"

ऑक्टोबरमध्ये कोलिनचं पत्र आलं. त्याला दंतवैद्यकीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. नासारिओबरोबरचा फोटो त्याने खोलीत लावला होता. बाईंनी पत्र माझ्याच डब्याखाली सरकवलं.

त्याच आठवड्यात तोमासा काड्यापेटी घेऊन आली.

"बाई, किडलेला दात कसा असतो हो?"

बाईंनी बरणीतला एक काळा, पोखरलेला दात दाखवला. तोमासाने काड्यापेटी टेबलावर उपडी केली. चार पांढरे दात घरंगळले.

"आता यातला किडलेला दाखवा."

बाईंनी बरणीचं झाकण लावलं.

"दाखवा ना. मला अडाणीला दिसत नाही. तुम्ही शिकलेल्या."

"तोमासा..."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

तोमासाने एकेक दात उचलून पेटीत ठेवला. बाई काही बोलणार, तोच ती म्हणाली, "माझ्यापाशी रडू नका. गुरुवारी तुमच्या दवाखान्याच्या ओट्यावर दात दाखवायला सगळे असतात. तेव्हा बोला."

गुरुवारी ओट्यावर तीसेक माणसं होती. नासारिओ हॅट हातात घेऊन फाटकाशी उभा होता. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. "चांगले दात गेले, मला कळलं होतं, मी खोटं बोलले, कारण मला इथून जावं लागेल याची भीती वाटली." कुणी शिवी दिली नाही. कुणी माफही केलं नाही. नासारिओने हॅट डोक्यावर ठेवली आणि तो निघून गेला. आता तो बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. बाईंकडे तो पुन्हा आला नाही.

बाईंनी हेच सगळं लिहून चर्चलाही कळवलं. लोवेलचं उत्तर आलं, "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो. कोलिनला कळवू नकोस, त्याची परीक्षा आहे. येत्या जुलैला आम्ही वीस जण येतोय." बाईंनी उत्तर पाठवलं, "भेटायला या, पण माझ्या हत्यारांच्या डब्याला हात लावायचा नाही." पुढे काय होईल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, त्या गुरुवारची गोष्ट अजून संपलेली नाही. नासारिओ गेल्यावर पेत्रोना नावाची म्हातारी वरचा ओठ दाबून धरत उठली. "झालं का सांगून?" ती करवादली. "मग आता माझा दात कोण काढणार? बस गाठून शहरात जाऊ का या वयात?"

बाईंनी मला उकळलं. पेत्रोना खुर्चीत बसली. तिने बाईंचं बोट धरून स्वतः दातावर ठेवलं. "हा. कुठला?"

"हा," बाई म्हणाल्या.

"परत सांगा."

"हा."

मग तिने तोंड उघडलं. डोळे मिटले नाहीत आणि दोन्ही हातांनी बाईंचं मनगट घट्ट पकडलं. दात निघेपर्यंत सोडलं नाही. तिच्यामागून आलेल्याने तेच केलं. त्याच्यामागच्यानेही.

मी पोलादाची आहे. मला जो धरेल त्याची मी होते, नाही म्हणणं मला जमत नाही. तुम्हाला जमतं. उद्या तुमच्या हातात एखादं हत्यार येईल आणि समोर कुणीतरी तोंड उघडून बसेल. तुमचे हात चांगले आहेत, तुमचं मन प्रेमळ आहे, असं चारचौघं सांगतील. तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. त्याची भाषा येत नसेल, तर हत्यार खाली ठेवा.

पाखुयूत आजही प्रत्येक जण बाईंचं मनगट धरूनच तोंड उघडतो. बाई काही म्हणत नाहीत. फक्त बाही आधीच वर करून ठेवतात.