बांधीतलं इश्वरभाऊचं गाणं

इश्वरला लाज कमीच, हे सत्यभामाबाईंना तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक होतं. पण माणसानं आपल्याच नावाचं गाणं बनवून आणावं आणि आपल्याच धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, उभं राहून ते मान हलवत ऐकावं, इतका बेशरमपणा आपल्या पोटी जन्मेल असं त्यांना वाटलं नव्हतं. वाढदिवसासाठी त्यानं ते भंडाऱ्याच्या एका दुकानातून करवून आणलं होतं. त्यात वाघ होता, धुराळा उडवणारी गाडी होती, वैऱ्यांचा थरकाप होता. आसगावात इश्वरचा वैरी म्हणावा असा एकच, घरामागचा बोका, आणि तोही त्याला भीत नव्हता.

म्हातारीची शाळा दुसरीतच सुटलेली, पण कान तिखट. इश्वरभाऊ, इश्वरभाऊ, एवढंच त्या गाण्यात आहे; भाऊनं केलं काय ते एकदाही येत नाही, असं तिनं सुनेला दोनदा ऐकवलं. सून भाकरी थापत राहिली. तिनं ते गाणं आठवडाभर ऐकलं होतं.

वाढदिवसापुरतं असतं तर निभलं असतं. पण धानाच्या लावणीचे, रोवण्याचे दिवस तोंडावर आले. पऱ्हे, म्हणजे वाफ्यात वाढवलेली रोपं, महिन्याच्या वर झाले होते. अजून चार-पाच दिवस वाफ्यात राहिले असते तर त्यांना कांडी धरली असती, आणि म्हातारं रोप मग फुटवे देत नाही. वर्षाचा धान त्या चार-पाच दिवसांवर होता. गावात रोवणाऱ्या बायांची चांगली टोळी एकच, कलाबाईची, आणि तिची वाट सगळेच पाहत होते.

सत्यभामाबाई तरुणपणी याच टोळीत पुढं होऊन गाणं म्हणायच्या. रोवताना बाया गाण्यात मालकाचं नाव घालत आणि त्याला सोलून काढत. चहा पाणचट, हात आखडता, बायकोसमोर मांजर. मालक धुऱ्यावर ओशाळून हसे आणि मुकाट्यानं गूळ-फुटाणे मागवी. त्या तालावर वीस बायांचे पाय एकदम मागं पडत, ओळ सुतात राही.

म्हणून जुन्या गाण्यांचा त्यांना गहिवर होता असं नाही. सासूच्या काळची गाणी नुसती रडकी: माहेर लांब, भाऊ आला नाही. घरात तोंड उघडायची सोय नव्हती, मग रडायचं ते गाण्यातच. पुढं कॅसेटी आल्या, आणि सातवीत नापास झालेली पोरं पानठेल्यावर प्रेमभंगाचे उसासे टाकू लागली. कामधंदा नव्हता, उसासे फुकट होते. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, ज्याला त्याला आपलंच थोबाड पाहायचं. गाण्यातही मग तेच थोबाड.

रोवण्याच्या दिवशी इश्वरनं ट्रॅक्टरवर भलामोठा स्पीकर चढवला. कलाबाईनं एकदा सांगितलं, "भाऊ, थोडा बंद करा. आमचं आमाले आयकू येत नाही." इश्वर हसला, जमाना बदलला म्हणाला. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं आवाज वाढवला.

त्या धडधडीवर रोवण्याचा ताल धरणं कोणाच्या बापाला जमणार. ओळी वाकड्यातिकड्या झाल्या, रोपं चिखलात धड रुतेनात, आणि अकरा वाजेपर्यंत अर्धी बांधी पाण्यावर तरंगत होती. बायांनी हात धुतले, शिदोऱ्या उचलल्या आणि नहराच्या पलीकडं, टोळीची वाट पाहणाऱ्या जागेश्वरच्या बांधीत जाऊन उतरल्या. थोड्या वेळानं तिकडून गाणं आलं, आणि ते इश्वरवरच होतं: भोंगा याचा मोठा गं, पऱ्हा याचा तरंगे.

इश्वरचा चेहरा उतरला. त्यानं मायला गळ घातली, तू जा, तुयं त्या आयकतात. सत्यभामाबाई उन्हाच्या, काठी टेकत धुऱ्याधुऱ्यानं गेल्या. कोणाच्या दारात जाऊन विनवायची त्यांना सवय नव्हती. ते दुखणं त्यांनी वाटेतच गिळलं. कलाबाईनं मान ठेवला. "काकू, बाकीच्या बांध्यांले परवा येतो. तुमच्यासाठी. पण बिघडली ते बांधी आमी हातात घेणार नाही."

त्यात गैर काय होतं. म्हातारी तशीच परत आली. इश्वर ट्रॅक्टरच्या सावलीत मोबाईल पाहत बसला होता आणि गाणं बारीक आवाजात चालूच होतं. त्यानं विचारलं, येतात का. तिनं आधी हात लांब करून स्पीकरची वायर उपटली. मग चिखलात तरंगणाऱ्या रोपांकडं पाहिलं, लेकाच्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं.

"परवा येतात. हे बांधी तुयी तूच रोवायची," ती म्हणाली. "गाण्याले मी दोष नाही देत, इश्वर. जसा जमाना तसं गाणं. आमी रडत होतो, आमचं गाणं रडत होतं. तुमाले कोणाचं आयकायचंच नाही, म्हणून तुमी भोंगे घेऊन फिरून राहिले. वीस बाया बोलत होत्या अन् तुले तुयंच नाव आयकायचं होतं. आता काढ ते बूट. अंधार पडेपर्यंत वाक, अन् तोंडातून एक शब्द काढू नको."