काचेला चिकटलेला मठ

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. सोळा इंच लांब, बारा इंच उंच, आणि रंग म्हणाल तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे सगळे करडे. माझ्यात एका ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. आठशे वर्षांपूर्वी तिथे संन्यासी राहत. आता चार कमानी, एक अर्धवट मनोरा आणि फरशीच्या जागी गवत एवढेच उरले आहे. उजव्या कडेला, अगदी टोकाशी, एक तरुण बाई उभी आहे. अंगठ्याच्या नखाएवढीच, पण माझी सगळी कहाणी तिच्यामुळे घडली.

मला टिपणारे फोटोग्राफर पोटासाठी ओळखपत्रांचे आणि लग्नांचे फोटो काढत. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत ते बायकोला घेऊन मठ पाहायला गेले. कॅमेरा तिवईवर चढवला आणि ओरडले, "अगं, बाजूला हो ना! मनोरा झाकतेस. संन्यासी काय म्हणतील?"

"आठशे वर्षांत म्हणायचं ते म्हणून झालं असेल त्यांचं," ती म्हणाली आणि मुद्दाम दूर कडेला जाऊन उभी राहिली. "आता तरी दिसतोय का तुमचा लाडका मनोरा?"

ती हसत असतानाच त्यांनी बटण दाबले.

लाल दिव्याच्या खोलीत, रसायनाच्या ट्रेमध्ये माझा जन्म झाला. आधी कमानींखालचा काळोख उमटला, मग दगड, मग गवत. तिचा उजळ चेहरा सगळ्यांत शेवटी आला. तोवर फोटोग्राफरांनी श्वास रोखून धरला होता.

फ्रेमवाला म्हणाला, "साहेब, काच आणि फोटोच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालू या. थोडी हवा राहते."

"फोटो किती झाकला जाईल?"

"चारी बाजूंनी दोन बोटं."

"त्या दोन बोटांतच आमची बायको उभी आहे. पुठ्ठा नको."

इतर सगळ्यांना पुठ्ठ्याचा आग्रह करणारे फोटोग्राफर स्वतःच्या फोटोच्या वेळी मात्र ऐकेनात. मी थेट काचेला टेकलो.

पुढची वर्षे सुखाची होती. मी बैठकीच्या भिंतीवर होतो. पाहुणे मठाचे कौतुक करत आणि फोटोग्राफर म्हणत, "मठ राहू द्या हो, ती बाई बघा." त्यांची मुलगी माझ्या कमानींवर बोट ठेवून चारपर्यंत मोजायला शिकली. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उठत आणि आई ते पदराने पुसून काढी.

मग आई आजारी पडली आणि गेली. स्टुडिओ बंद झाला. त्या आवराआवरीत माझी निगेटिव्ह हरवली. बैठकीच्या खिडक्या कुणी उघडत नसे. माझ्या भिंतीमागे न्हाणीघर होते. तिथली ओल हळूहळू माझ्यापर्यंत आली. माझ्या अंगावर जिलेटिनचा पातळ थर आहे. ओलीने तो मऊ होतो आणि ज्याला टेकला असेल त्याला चिकटतो. मी काचेला चिकटलो. डाव्या कोपऱ्यातून बुरशी निघाली आणि दर वर्षी थोडी थोडी, कमानीमागून कमान ओलांडत त्या बाईकडे सरकू लागली. अकरा वर्षे मला कुणी खाली उतरवले नाही.

मुलगी आता रसायनशास्त्र शिकवत होती. सुट्टीत घरी आली, तेव्हा तिने मला नीट पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. तिने आधी मोबाईलवर माझी नक्कल घेतली.

"ती राहू दे तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "मला हीच हवी. हिला मी ट्रेमध्ये येताना पाहिलंय."

सरावासाठी तिने टाकाऊ फोटो काचेला चिकटवून सोडवून पाहिले. दोन फाटले, तिसरा सुटला. मग थंड पाण्याच्या ट्रेमध्ये मला काचेसकट ठेवले.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा. तुम्हाला बघवणार नाही."

"चाळीस वर्षं ट्रेपाशी उभा राहिलोय मी. मला बाहेर काढतेस?"

पाऊण तासाने ती म्हणाली, "जिथून सुरुवात करीन, तिथे फाटण्याची भीती जास्त. कुठून करू?"

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "मनोऱ्याकडून."

तिने केसभर केसभर करत मला उचलायला सुरुवात केली. मनोऱ्याचे टोक काचेवरच राहिले. पुढे कमानी सुटल्या, गवत सुटले, आणि शेवटी ती बाई सुटली. अख्खी, हसरी.

"बाबा, मनोरा गेला हो," मुलगी म्हणाली.

"जाऊ दे गं. तसाही पडकाच होता."

दोघेही हसले.

आता मी दुसऱ्या, कोरड्या भिंतीवर आहे. म्हाताऱ्या फ्रेमवाल्याने काचेच्या कडांना आतून बारीक लाकडी पट्ट्या लावल्या. फोटो झाकला जात नाही, आणि हवाही राहते. "हे तेव्हा का नाही सुचलं रे तुला?" बाबांनी विचारले. "तुम्ही ऐकून घेतलंत का तेव्हा?" तो म्हणाला.

मित्रांनो, मला उतरवून पाहायला दहा मिनिटे पुरली असती. तेवढीच मी तुमच्याकडे मागतो. आज घरातला एखादा जुना फोटो खाली उतरवा. त्याची पाठ कोरडी आहे ना, तो काचेला टेकला नाही ना, ते पाहा. आणि मोठ्यांना विचारा, कडेला उभे आहे ते माणूस कोण. सांगणारे कुणी घरात आहे, तोवर विचारून घ्या.