शेजारची खुर्ची

होटगी रस्त्यावरच्या त्या ऑफिसात एक रीत होती: वाईट व्हिडिओ कुणी एकटीनं बघायचा नाही. लोकांना वाटतं, सोशल मीडियावरची घाण मशीन काढतं. मशीन कसलं डोंबलाचं! सोलापूरच्या लेकीसुना काढायच्या. मारहाण, गळफास, लेकरांचे हाल, सगळं आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग पुसायचं. म्हणून टीमची प्रमुख वैजयंती हिनंच ही रीत पाडली होती. तसलं काही आलं की शेजारणीनं हातातलं काम सोडून खुर्ची सरकवायची, हात धरायचा आणि दोघींनी मिळून बघायचं. वैजयंतीचा हात दुधनीची दानम्मा धरायची.

मग कंपनी विकली गेली. नवा मालक कुठल्या देशात बसतो देव जाणे, पण त्याची नजर नेमकी त्या खुर्च्यांवर पडली. त्याचा पुण्याचा साहेब सुबोध येऊन म्हणाला, "एका स्क्रीनपुढे दोन माणसं? मॅडम, ही खोगीरभरती आहे. आठवडाभर काम बघतो, मग कुणाला ठेवायचं ते ठरवू."

वैजयंतीला आधी दानम्मा आठवली. दानम्माचा नवरा चिंचोळीचा कारखाना बंद पडल्यापासून घरीच होता. तिची नोकरी गेली तर चूल कशी पेटणार? वैजयंतीनं सगळ्यांना गोळा केलं.

"आठवडाभर रीत बंद. जागेवरनं कुणी उठायचं न्हाय. असं काम दाखवू की एकीलाबी काढायची त्याची छाती होणार न्हाय."

"आन् लईच वाईट आलं तर, अक्का?" दानम्मानं विचारलं.

"दातावर दात धरून बघायचं. आठच दिवस की."

पोरींनी जिवाचं रान केलं. जेवणाचे डबे भरलेलेच घरी परत गेले. कुणी बाथरूममध्ये रडून यायची, तोंड पुसून पुन्हा बसायची. काम दुप्पट झालं आणि वैजयंतीनं ते मोठ्या तोऱ्यात सुबोधला दाखवलं.

तो खूश झाला. "बघा! म्हणजे निम्म्या माणसांत भागतंय."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. तिनं रीत समजावली, हात जोडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. निम्म्या पोरी गेल्या. त्यांत दानम्माही गेली. जाताना म्हणाली, "अक्का, तुमी आमच्यासाठीच केलं की. मनाला लावून घिऊ नका." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वैजयंतीला वाटलं.

सोमवारी रिकाम्या खुर्च्या टेम्पोत भरून नेल्या. दुपारी वैजयंतीच्या स्क्रीनवर एक लहान मूल आलं, कोपऱ्यात अंग चोरून उभं. समोरच्या माणसानं कमरेचा पट्टा काढला. सवयीनं तिचा हात शेजारी गेला आणि तसाच लोंबकळत राहिला. तिला रडू फुटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

उरलेल्या पोरींनी माना खाली घातल्या. एकही जागची हलली नाही. उठायचं नाही, हे तिनंच तर शिकवलं होतं.