जनरलची कबर

माझा नवरा बेंबा जमातीचा आणि मी न्गोनी जमातीची, म्हणजे आमचं लग्न लागलं तेव्हाच अर्धी वरात हसून लोळली होती. आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली. लढाया मिटल्या आणि उरली ती टिंगल. तेव्हापासून बेंबाने न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीने बेंबाला माकडखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. रागवेल तो हरला. बेंबांकडे कुणी वारलं की कबर खणायला आम्ही न्गोनी जातो. आमच्यातलं कुणीतरी त्या कबरीत आडवं होतं, मेलेल्याची नक्कल करतं, आणि चार पैसे हातावर पडल्याशिवाय उठत नाही. कबरीतल्या न्गोनीला ओढून काढायची कुणाची छाती नाही. मोठं पाप आहे ते.

तर आमचे हे, लोंबे चिसांगा, फौजेत शिपाई म्हणून शिरले आणि जनरल होऊन बाहेर पडले. आता घरी बसतील, कोंबड्या पाळतील, असं मी मनात धरून चालले होते. कसलं काय! राष्ट्राध्यक्षांनी बोलावून पोलिसप्रमुख केलं.

पहिल्याच आठवड्यात यांनी हवालदारांचे बूट तपासले. वाहतुकीच्या पोलिसांना चौकात ताठ उभं राहायला लावलं, तर गाड्या एकमेकींवर चढल्या. पोलीस तोंडावर सलाम ठोकायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, हा बाबा आपल्याला लढाईवर नेतोय. यांना ते कळत होतं. म्हणून आणखीच ताठ व्हायचे. मग यांच्या डोक्यात आलं की मुख्यालयाला कवायतीचं मैदान पाहिजे. मैदान कुठलं, तर मागची मोकळी जागा, जिथे आमच्या न्गोनी आंबुया सोको आणि पन्नासेक बायका टोमॅटो, सुकी मासळी, रताळ्याचा पाला विकत बसतात. आंबुया म्हणजे आजी. सगळ्या बाजाराची आजी. शनिवारी सकाळी जागा रिकामी करा, असा हुकूम सुटला. सलामीच्या चौथऱ्यासाठी मजुरांनी चरसुद्धा खणून ठेवला.

मी जेवताना विषय काढला. म्हटलं, त्या बायकांची चूल त्या जागेवर पेटते. हे न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा मळत राहिले. शेवटी म्हणाले, "चांदाची आई, मी आजवर दिलेला हुकूम मागे घेतलेला नाही. इथे येताच मागे घेतला तर पोलिसांत मला कुत्रं विचारणार नाही."

खरं सांगते, मला धडकी भरली. हा माणूस दुष्ट नाही. पण अडलेला माणूस दुष्टापेक्षा वाईट. शनिवारी एखाद्या म्हातारीच्या पाठीत काठी बसली असती, तर मी यांच्या ताटात पुन्हा त्याच हाताने वाढलं असतं का? मला नाही वाटत.

शनिवारी मी गुपचूप उठले, कमरेला चितेंगेचं कापड गुंडाळलं आणि आंबुयाच्या शेजारी टोपली घेऊन बसले. पोलिसांच्या गाड्या आल्या. ढाली आल्या. मागून हे आले, छातीवर सगळी पदकं लावून.

आंबुया सोको उभी राहिली आणि सुरू झाली. आलास का रे माकडखाऊ, रानातली माकडं संपली म्हणून आता टोमॅटोवर आलास का, तुझ्या पणजोबाने आमच्या माणसांपुढे पळताना कमरेचं फडकं टाकलं होतं... सगळं हक्काचं बोलणं. दुसरा एखादा दिवस असता तर यांनी पोट धरून हसत उलट शिव्या दिल्या असत्या. पण वर्दीतल्या माणसाला त्या दिवशी हसता येईना. आणि साहेब हसत नाहीत म्हटल्यावर एका तरण्या अधिकाऱ्याला वाटलं, हा साहेबांचा खरा अपमान. त्याने म्हातारीचा दंड धरला आणि काठी उचलली. बायका उठल्या. दगड हातात आले.

मला काही सुचलं नाही. मी धावले आणि त्या चरात जाऊन आडवी झाले. हात छातीवर, डोळे मिटलेले. आणि मोठ्याने गळा काढला.

सगळं थांबलं. अधिकाऱ्याचा हातसुद्धा थांबला. ही कबर आहे हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

हे वर येऊन उभे राहिले. "ऊठ," म्हणाले.

एरवी मी यांना अहो-जाहो करते. कबरीतून नाही. "उठणार नाही. माझा नवरा पुरतेय."

"काय झालं त्याला?"

"जनरल होता बिचारा. बंडखोरांशी लढला, जगला. पोलिसात आला आणि रताळ्याच्या पाल्याशी लढताना गेला."

बायका फिस्सकन हसल्या. ढालींच्या मागून पण कुणीतरी हसलं. यांचा चेहरा दगडाचा. मग खालच्या आवाजात विचारलं, "माणूस कसा होता?"

मला नक्कल करायची होती, पण नक्कल जमली नाही. रडूच आलं. "चांगला होता रे," मी म्हटलं. "मला फार आवडायचा. आज सकाळपर्यंत."

यांनी टोपी काढली. त्या तरण्या अधिकाऱ्याच्या हातात दिली. मग इस्त्रीच्या पँटसकट चरात उतरले. "सरक," म्हणाले, "मेलेल्याला जागा लागते." आणि माझ्या शेजारी आडवे झाले.

अधिकारी वर घाबरून उभा. त्याने विचारलं, हुकुमाचं काय करायचं, सर?

"हुकूम जनरलने दिला होता," हे पडल्या पडल्या म्हणाले. "जनरल वारला. मेलेल्याचा हुकूम चालत नाही. पोलिसप्रमुख आज कामावर येतोय, त्याला आधी या आजीची माफी मागायचीय. त्याला कुणीतरी बाहेर काढा."

आंबुया सोकोने रीतीप्रमाणे दोघांवर मूठभर माती टाकली आणि अशी आरोळी ठोकली, की साऱ्या बाजारात बायकांनी जिभा वाजवत आनंदाची किलकारी केली. पोलीस ढाली टाकून हसत होते. त्यांनीच यांना खांदे धरून वर ओढलं, पाठीवरची माती झटकली, आणि त्या झटकण्यात दोन-चार धपाटे जरा जोरातच घातले.  हे मान खाली घालून ते खात राहिले, आणि हसत होते.