आजी करमाडला गेली

सम्यक जन्मला तेव्हा फारच किडकिडीत होता. त्याला पहिल्यांदा मांडीवर घेताना त्याच्या आजीनं, पारूबाईनं त्याच्या बरगड्या चाचपून पाहिल्या. तिची पहिली मुलगी अशीच अशक्त जन्मली आणि दोन महिन्यांत गेली होती. सून मोनाली शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत पुन्हा कामाला जाऊ लागली, तसं पारूबाईनं नातवाचं पोट कधी रिकामं राहू दिलं नाही. तो जरा रडला की डब्याचं दूध, पुढं साखर घातलेली पेज, दुधात भिजवलेलं बिस्कीट. बघता बघता बाळाच्या मनगटांना वळ्या पडल्या. गल्लीतल्या बाया कौतुकानं त्याला उचलून घ्यायच्या. मोनालीलाही हायसं वाटायचं.

आता सम्यक चौथीत आहे. शाळेच्या सहलीत दौलताबादच्या किल्ल्यावर तो अर्ध्या वाटेतच धापा टाकत बसला आणि मुलं हसत पुढं निघून गेली. त्यानंतर मोनालीनं त्याला डॉक्टरांकडं नेलं. पारूबाईही सोबत गेली. रक्तातली साखर वाढायला लागलीय, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या वर्षी वजन कसं वाढलं, तेही त्यांनी विचारलं. तान्हेपणी वजन फार झपाट्यानं वाढलं तर पुढं लठ्ठपणाचा धोका वाढतो, पण तेवढं एकच कारण नसतं, असं त्यांनी समजावलं. पारूबाईच्या कानात त्यातलं अर्धंच शिरलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पोरगी हातची गेली म्हून ह्याला भरवत राहिले. ह्याचंबी वाटोळं म्याच केलं."

"आई, तुमच्यामुळं तो जगला," मोनाली म्हणाली. ते खरं होतं का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सम्यकनं आणखी एक पोळी मागितली की पारूबाईला नाही म्हणवत नव्हतं आणि वाढवतही नव्हतं. एके दिवशी तो शाळेत असताना पिशवी भरून ती करमाडला धाकट्या लेकाकडं निघून गेली.

आजीला गावाकडं काम निघालं, असं मोनालीनं त्याला सांगितलं. मात्र त्या दिवसापासून तो ताटात निम्मं टाकून उठू लागला. तिनं जवळ घेतलं तेव्हा खाली बघत म्हणाला, "मी जाडा आहे म्हणून गेली ना आजी?"

मोनालीनं तिथंच करमाडला फोन लावून त्याच्या हातात दिला. तो "आजी, आजी" करत राहिला. पलीकडं पारूबाईचा श्वास ऐकू येत होता. जेवला का, हेच ती त्याला रोज सगळ्यात आधी विचारायची. आज तिला तेही विचारता आलं नाही. मग तिकडूनच फोन बंद झाला.