पहिला ठोका कुणाच्या नावाचा

मी एक जुना काशाचा नगारा आहे. मित्रांनो, मला लग्नात वाजवत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या कडेवर चार ठिकाणी बेडूक आहेत, एकाच्या पाठीवर दुसरा आणि दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा. परके लोक त्यांना बघून हसतात आणि हात फिरवतात. ब्रह्मदेशातल्या आमच्या कॅरेन डोंगरांतली माणसे मात्र हात फिरवण्याआधी कोण गेले ते विचारतात. बिनबेडकांचा नगारा आनंदाचा आणि बेडकांचा नगारा मरणाचा, एवढे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

माझा जन्म न्वेडाऊंग गावी एका शान ओतार्‍याच्या अंगणात झाला. त्याने आधी मला मेणाचा केला, मग माती आणि भाताचे तूस कालवून साचा लिंपला, आणि मेण वितळवून त्या पोकळीत कासे ओतले. बेडकांचे डोळे मात्र त्याने मेणात असतानाच बाभळीच्या काट्याने उघडले होते. हे काम करताना तो कुणाशी बोलला नाही. मला स्वतःला डोळे नाहीत, पण बेडकांना आहेत. ते गोल बसलेले असल्यामुळे माझ्याभोवती जो कुणी उभा राहील, तो कुठल्या ना कुठल्या बेडकाला दिसतोच. मग तो जिवंत असो वा नसो.

सालवीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावाने मला एक हत्ती देऊन विकत घेतले. मला दोराने घराच्या आढ्याला टांगायचे. वाजवणारा माझ्या खालच्या कडीत पायाचा अंगठा अडकवायचा, म्हणजे मी हलत नसे, आणि कापड गुंडाळलेले टिपरू माझ्या छातीवर मारायचा. आमच्याकडे असे मानतात की मेलेल्या माणसाला आपण मेलो हे लवकर कळत नाही. तो चुलीपाशी येऊन बसतो आणि आपल्याला कुणी वाढत नाही म्हणून रुसतो. माझा आवाज ऐकला की त्याला कळते आणि तो वाटेला लागतो. पण त्याचा एक नियम आहे. पहिला ठोका जो देईल त्याने मेलेल्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. नाव घेतले जाईपर्यंत त्या घरात कुणी जेवत नाही, देवघेव करत नाही, शब्द देत नाही आणि घेतही नाही. बिननावाचा ठोका पडला, तर ज्यांना ज्यांना वाट सापडलेली नाही ते सगळेच येतात.

माझे ते दिवस मानाचे होते. वर्षातून एकदा मला भात आणि भाताची दारू मिळायची. माझी राखण एका घराण्याकडे असे, आणि शेवटी ती नॉ डे पो हिच्याकडे आली. गाव तिला मुगा म्हणते, म्हणजे मावशी. बाई तोंडाची फटकळ, विडा खाऊन ओठ लाल, आणि माझ्या बाबतीत सासूसारखी कडक. तिचा एकुलता मुलगा सॉ प्लो वा चिंच लावून माझे बेडूक घासायचा आणि प्रत्येकाला नावाने हाक मारायचा. एकाला तर तो गावच्या मुखियाचेच नाव घेऊन बोलवायचा.

मग लढाई आमच्या डोंगरात आली. सरकार म्हणायचे देश एक आहे, आणि आमचे लोक म्हणायचे की एक आहे, पण आम्ही त्यात कोण ते लिहून द्या. आमच्यासारखेच शेजारच्या शान, काचिन, चिन डोंगरांतले लोकही म्हणत होते. सैनिक आले, गाव जळाले, बिनबेडकांचा आनंदाचा नगारा कुणीतरी उचलून नेला. मला लोकांनी आदल्या दिवशीच डोंगरातल्या एका गुहेत लपवले होते. प्लो वा याला मात्र सैनिकांनी ओझे वाहायला धरून नेले. तो परत आला नाही.

गुहेतल्या दिवसांबद्दल मला फार बोलवत नाही. रानात माणसे मरत होती, आणि मला वाजवायची सोय नव्हती, कारण आवाज झाला की सैनिक यायचे. मग ती मेलेली माणसे स्वतःच माझा माग काढत आली. एक आला, मग एक बाई आली, मग मोजता येईनात इतके. कुणाच्या कपाळावर टोपलीच्या पट्ट्याचा वळ होता, कुणाचे केस नदीच्या पाण्याने ओले होते. ती काही बोलत नसत, नुसती माझ्याकडे तोंड करून बसत. कधी गुहेच्या छतावरून पाण्याचा थेंब माझ्या छातीवर पडे आणि बारीक आवाज होई. त्यासरशी सगळी एकदम उठून उभी राहत, कुणी नाव घेते का म्हणून कान देत, आणि पुन्हा बसत. मित्रांनो, मी काशाचा आहे, पण त्या वेळी मला भीती वाटायची.

त्यांच्यात प्लो वा नव्हता. मी रोज बघत होतो. म्हणून मलाही वाटायचे की पोरगा जगला असेल, कुठेतरी परमुलखात भांडी घासत असेल. मुगाला तर खात्रीच होती. पुढे युद्धबंदी झाली, गाव पुन्हा उभे राहिले आणि मला घरी आणले, तेव्हा कितीतरी जणांनी तिला सुचवले की आता प्लो वासाठी एकदा नगारा वाजव आणि मोकळी हो. ती त्यांना दारातूनच हाकलायची. मृत्यूची बातमी घेऊन कुणी येत नाही तोवर टिपऱ्याला हात लावणार नाही, असे तिने सांगून टाकले होते.

तिचा धाकटा भाऊ सॉ ला से पूर्वी शाळा चालवायचा. आता तो सरकारशी चाललेल्या बोलण्यांत आमच्या बाजूने बसत असे. एके दुपारी तो घराच्या पायरीवर बसून तिला संघराज्य म्हणजे काय ते समजावत होता. मोठ्या लांब घरासारखे असते म्हणाला, छप्पर एक, पण प्रत्येक कुटुंबाची चूल आपली. आपली शाळा आपल्या बोलीत, आपल्या जमिनीचा निवाडा आपल्या रीतीने.

"एवढंच मागायला दोन पिढ्या घालवल्यात?" मुगा म्हणाली.

"चूल आपली, ते कबूल करतात ग ताई. लाकूड कुणाच्या रानातलं, तिथं गाडी अडते."

मग त्याने खरे ते सांगितले. येत्या बैठकीच्या मसुद्यातून संघराज्य हा शब्दच काढला होता. त्याच्या जागी परंपरांचा विकास असे काहीतरी गोड घातले होते, आणि आमच्या रीती, आमचे कायदे पुढच्या बैठकीत बघू म्हणून ठेवले होते. तरी तो सही करणार होता. सीमेवरच्या निर्वासितांच्या छावण्यांत माणसे कुजत होती, त्यांना घरी आणायचे होते, आणि तो थकला होता. धरून नेलेल्या माणसांचे काय झाले ते सरकारने सांगावे, एवढे एक वाक्य त्यात घाल, असे मुगा म्हणाली. त्याने मान खाली घातली.

"मेलेल्यांचं मागाहून बघू म्हणतात, ताई."

"प्लो वा मेलाय असं कोण म्हणालं तुला?"

 त्यानंतर थोड्याच दिवसांत जिल्ह्याच्या गावाहून एक सरकारी अधिकारी गाडी घेऊन आला. बैठकीच्या मंचावर स्थानिक संस्कृतीचे काहीतरी हवे होते. माझे बेडूक बघून तो हरखला. ला सेने त्याला समजावले की हा असल्या कामाचा नगारा नव्हे. नगारा तो नगारा, असे म्हणून अधिकारी हसला, आणि नुसता मांडून ठेवू, कुणी वाजवणार नाही, असा शब्द दिला. मुगा म्हणाली की मग मीही सोबत येणार.

मला उचलायला गाडीचा चालक पुढे आला. ऊ ऑन ट्वे त्याचे नाव, बर्मी माणूस, केस पिकलेले, पूर्वी सैन्यात होता. त्याच्यामागून एक तरुण पायऱ्या चढून वर आला. पाठीवर टोपली, तिचा पट्टा कपाळावर, पाय सुजलेले. मुगाने चालकाला चहा दिला, अधिकाऱ्याला दिला, आणि तरुणाच्या अंगाला बाही घासेल इतक्या जवळून ती आत गेली. तिने त्याला चहा विचारला नाही. तो माझ्यापाशी आला, वाकला आणि एकेका बेडकाकडे बघू लागला.

मी ओळखले. तो इतकी वर्षे गुहेत का आला नाही, तेही मला कळले. तो दुसऱ्याच कुणाच्या मागे चालत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी काय केले असते कोण जाणे. मला फक्त छाती आहे, आणि ती दुसऱ्याने वाजवावी लागते.

सभागृहात झेंडे होते, कॅमेरे होते, टेबलावर पाण्याचे पेले आणि मसुदा होता. मला खांबाच्या आधाराने टांगले आणि शोभेसाठी टिपरूही शेजारी ठेवले. सरकारी पथकाचे प्रमुख एक निवृत्त सेनापती होते. दिसायला आजोबांसारखे, बोलणे मऊ. भाषण संपता संपता त्यांना भरून आले असावे. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी टिपरू उचलले आणि माझ्यावर जोराचा ठोका दिला.

एका बाजूने टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूचे आमचे लोक मात्र उठून उभे राहिले आणि त्यांनी डोक्याची फडकी काढली. टाळ्या विरल्या तरी माझा आवाज थांबेना. पेल्यांतले पाणी थरथरत राहिले. आणि दारातून, खिडक्यांतून, झेंड्यांच्या मधून ते यायला लागले. गुहेतले सगळे, आणि गुहेत कधी न आलेलेही. भिंतींना लागून दाटीवाटीने उभे राहिले, तशी समोरच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने पंखा बंद करायला सांगितला. पंखा चालू नव्हता.

मुगा मागच्या बाकावरून उठून पुढे आली. दुभाषा तिचे बोलणे बर्मीत सांगत होता.

"साहेब, पहिला ठोका तुम्ही दिलात. आता नाव घ्या."

"कुणाचं नाव, मावशी?"

"जो मेलाय त्याचं."

सेनापती हसले. आज आनंदाचा दिवस आहे, आज कुणी मेलेले नाही, असे म्हणून त्यांनी तिला जागेवर नेऊन बसवायची खूण केली आणि पेन ला सेपुढे सरकवले. ला सेने पेनाकडे पाहिले. मग बहिणीकडे पाहिले.

"नाव घेतल्याशिवाय आमच्यातला कुणी सही करू शकत नाही, साहेब," तो म्हणाला. "ही आमची रीत आहे. तुम्ही म्हणता आमच्या रीती पुढच्या बैठकीत बघू. पण ठोका तर आज पडला."

 नाव सेनापतींना एकही येत नव्हते. ते आपल्या माणसांकडे वळले, ती माणसे कागद चाळू लागली.  तेवढ्यात दाराशी उभा असलेला चालक दोन पावले पुढे आला.

"सॉ प्लो वा," ऊ ऑन ट्वे म्हणाला. आमच्या बोलीतले नाव त्याच्या जिभेवर वाकडेतिकडे झाले, पण सगळ्यांना समजले.

मुगा जागची हलली नाही. तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. तेव्हा तो साधा शिपाई होता. तोफगोळे वर चढवताना पोराला ताप भरला, तो चालेना, मग त्याला खिंडीत वाटेच्या कडेला सोडून तुकडी पुढे गेली.

"मला म्हणाला, माझं नाव पाठ कर. आमच्याकडे नाव लागतं, नाहीतर आई वाट बघत बसेल. मी पाठ केलं. सांगायला यायचा धीर झाला नाही. तेव्हापासून माझ्यामागे कुणीतरी चालतं."

मुगा ओरडेल असे सगळ्यांना वाटले. तिने हळूच चप्पल काढली आणि पायाचा अंगठा माझ्या कडीत अडकवला. तिचा पाय इतका कापत होता की मीही हलत होतो. सेनापतींच्या हातून तिने टिपरू काढून घेतले.

"पुन्हा एकदा म्हण," ती चालकाला म्हणाली.

त्याने म्हटले, आणि तिने ठोका दिला.

प्लो वाने कपाळावरचा पट्टा सोडला आणि टोपली खाली ठेवली. पाठ सरळ केली. तो आईच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, तिच्या मानेवरचे पिकलेले केस त्याच्या श्वासाने हलतील इतका जवळ, पण ते हलले नाहीत. मग तो दारातून बाहेर गेला. ऊ ऑन ट्वेने मागे वळून पाहिले आणि तो मटकन खाली बसला. मरणाची बातमी आणणाऱ्याला आमच्याकडे पहिला घास देतात. मुगाने तो द्यायला लावला. स्वतः भिंतीकडे तोंड करून तिने किती वेळ रडून घेतले, ते मी सांगणार नाही.

त्या दिवशी सही झाली नाही. ला सेने मसुद्यावर दोनच गोष्टी लिहून तो परत दिला. एक, संघराज्य हा शब्द जागेवर आणा. दोन, धरून नेलेल्यांची नावे आधी, बाकी कलमे मागून. बोलणी अजून चालू आहेत. ती संपेपर्यंत म्हणून मी त्याच सभागृहात आहे, आणि शोभेची वस्तू म्हणून माझ्यावर रोज फडके मारतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कदाचित अशा टेबलाशी बसाल, समोरच्याची वस्तू तुम्हाला सुंदर वाटेल. ती हातात घेण्याआधी विचारा की ही कधी वाजवतात आणि कुणासाठी. पुसून ठेवले म्हणजे जपले असे होत नाही.

आणि जमले तर त्या सेनापतींना एक निरोप द्या. पहिला ठोका त्यांचा होता आणि त्यांनी एकही नाव घेतले नाही. सभा उठली तेव्हा भिंतींना लागून उभे असलेले सगळे रांगेने निघाले आणि त्यांच्या मागे गेले. माझ्या बेडकांनी ते पाहिले आहे. ते कुणाला त्रास देणार नाहीत, त्यांना राग नाही. सेनापतींनी फक्त मागे वळावे आणि एकेकाला नाव विचारावे. ते वाटच बघत आहेत.