प्रेरणाताईची तीनचाकी आणि मी

मित्रांनो, वर्ध्याच्या एका दुकानदाराने माझ्या अंगावर खडूने 'चांगली' असे लिहिले, तेव्हा मी आतून म्हातारी झालेली होते. मी एक बॅटरी आहे. बोलता आले असते, तर तेव्हाच बोलले असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. दोन हजार सात साली मी आणि माझ्या तीन बहिणी वर्ध्यातल्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुलीच्या स्कूटरमध्ये बसलो. पेट्रोल न पिणारी स्कूटर! लोक थांबून पाहत. "आवाजच नाई येत इचा!" म्हणत. आम्हीही ऐटीत धावायचो. पण हौस लवकर फिटली. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि स्कूटर गोदामात, कापडाच्या गाठींमागे उभी राहिली. बॅटरीला चार्जिंग न करता ठेवणे म्हणजे तिला उपाशी ठेवणे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, कोणी आमच्याकडे फिरकले नाही. आमच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला. असा थर एकदा मुरला की निघत नाही.

शेवटी स्कूटर मोडीत निघाली. आम्ही जुन्या बॅटऱ्यांच्या दुकानात आलो. तिथल्या माणसाने आम्हाला पुसले, चार्ज केले आणि मग खडू हातात घेतला.

त्या दुकानात गजेंद्रभाऊ आले. ते सिंदी रेल्वे या गावचे, तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यांची धाकटी बहीण प्रेरणाताई. लहानपणी तिला पोलिओ झाला होता. हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर ती रोज रेल्वे फाटकापलीकडच्या केंद्रात मुलींना शिवणकाम शिकवायला जायची. वर्षानुवर्षे हात फिरवून तिचा उजवा खांदा झिजला. डॉक्टर म्हणाले, आता जोर करू नका. म्हणून भावाने तीनचाकीला मोटर बसवून घेतली. सपाट रस्त्यावर हात, चढावर बॅटरी. अर्धी माणसाची, अर्धी विजेची अशी ती गाडी होती. तिच्या पहिल्या बॅटऱ्या आता संपल्या होत्या आणि नव्या घेणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते.

"चढावर दम धरन ना ही?" गजेंद्रभाऊंनी विचारले.

दुकानदाराने मीटर लावले. काटा सरसर वर गेला. "पाहा, फुल दाखवून राह्यली."

"गाडीले लावून पाह्यलं असतं तर बरं झालं असतं."

"गाडी सिंदीले, तुम्ही इथं. कसं पाह्यता? बिनधास्त घेऊन जा, भाऊ."

ताज्या चार्जिंगवर माझा काटा वर जातोच, मित्रांनो. ओझे पडल्यावर मी किती टिकेन, हे तो काटा सांगत नाही.

गजेंद्रभाऊ मला आणि माझ्या एका बहिणीला पोत्यात घालून घरी घेऊन आले. प्रेरणाताईने ओल्या फडक्याने आम्हाला पुसले. "आता ढकलाले कोणाले बलावाचं काम नाई," ती आईला म्हणाली. तिची आई शकुबाई नुसतीच हसली. पहिले काही दिवस खरेच बरे गेले. केंद्राच्या दारात मुली ओरडायच्या, "आली, आली, ताईची मोटर आली!" मला वाटले, निभेल.

मग एका सकाळी फाटकावर मी संपले. तिथे रस्ता रुळांकडे चढत जातो. तो चढ कसाबसा चढला आणि नेमके रुळांवर आमच्यातले बळ गेले. ताईने दुखऱ्या हाताने पायडल धरले आणि कळवळून सोडले. फाटक लावता येईना, म्हणून आगगाडीला सिग्नल मिळेना. ती लांब उभी राहून शिट्ट्या देत होती. दोन्हीकडे मोटारसायकली, बैलबंड्या, शाळेचे ऑटो तुंबले.

"काऊन निघते घराबाहेर? घरी बसाले काय होते इले?" गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

चार माणसांनी तिला तीनचाकीसकट उचलून पलीकडे ठेवले. ती रडली नाही. तिचे बोट मात्र बटणावरच होते. चालू, बंद, चालू, बंद.

संध्याकाळी केंद्राचे प्रमुख प्रभाकरराव घरी आले. माणूस भला. चहा घेतला, कप खाली ठेवला.

"प्रेरणा, तुझ्या शिकवण्यात खोट नाई. पण उद्या काही झालं, तर लोक मले विचारतीन."

"सर, भाऊ रोज केंद्रात आणून सोडन मले."

भावाने काही दिवस तिला सायकलवर मागे बसवून नेले. पण जिनिंगची पाळी चुकू लागली, मालकाने दम दिला आणि ते थांबले. केंद्रात दुसरी बाई आली. आम्हाला परत करायला गजेंद्रभाऊ वर्ध्याला गेले, तर दुकानदार म्हणाला, "जुन्या मालाले ग्यारंटी नसते."

तरीही ताईने एकदा आम्हाला पुन्हा लावले. निदान गल्लीच्या टोकापर्यंत जावे, एवढेच तिला हवे होते. माझ्यात होते नव्हते ते सगळे मी दिले, पण टोक काही आले नाही. शकुबाई मागून आली आणि ढकलत तिला घरी घेऊन गेली. त्यानंतर तीनचाकी अंगणातच राहिली. तिच्या सावलीत कोंबड्या बसू लागल्या. दिपाली नावाची एक मुलगी थोडे दिवस घरी शिकायला आली, मग तीही येईनाशी झाली.

मित्रांनो, मी एकच मागते. वापरात नसलेली वस्तू अडगळीत कुजू देऊ नका. आणि ती दुसऱ्याच्या हाती देताना तिचे खरे काय ते सांगा. तिच्या भरवशावर कोण घराबाहेर पडणार आहे, हे तुम्हाला कुठे ठाऊक असते?

आज भंगारवाला आला. त्याने मला हातात तोलून पाहिले. "शिसं चांगलं हाय, ताई. वितळवलं का पुन्हा नवीकोरी बॅटरी होते."

"पुन्हा नवी?"

"हो. शिशाले मरण नाई."

प्रेरणाताई डाव्या हाताने उजवा खांदा दाबत होती. मग त्याच हाताने तिने मला त्याच्या हातगाडीकडे सरकवले.

"जाय बाई," ती म्हणाली. "तू तरी जाय."